शेवटच्या बाईचा दगड

मित्रांनो, बोइसर स्टेशनाबाहेर पिवळ्या रंगाचं एक बाकडं दिसेल. ते म्हणजे मी. बाकडं मी हौसेने झालेलो नाही. पूर्वी मी उभा दगड होतो, बाईच्या खांद्याएवढा.

चिंचणीच्या कोळणी सुक्या बोंबलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन गाडीला यायच्या. भरलेली पाटी खालून एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, दुसरीने हात द्यावा लागतो. सगळ्या एकमेकींना हात देत. पण शेवटच्या बाईला कोण देणार? मी! तिने पाटी माझ्या माथ्यावर टेकवायची, दम खायचा आणि गाडीची शिटी ऐकू आली की वाकून अलगद डोक्यावर घ्यायची. त्यांच्यातली जमना अंगाने दणकट, सगळ्यांना हात द्यायची, म्हणून शेवटी नेहमी तीच राहायची. जाताना माझ्या पाठीवर थाप मारायची.

मग तारापूरला वीजकेंद्राचं काम निघालं. नवी माणसं आली, मोटारी आल्या आणि स्टेशनासमोरची जागा सुधारायला एक साहेब आले. त्यांनी लोकांचं मत विचारलं, हे कबूल करायलाच हवं. पुरुषांनी दिवे मागितले, टांग्यांना जागा मागितली. जमना म्हणाली, "आमाला काय नको, सायब. यो धोंडा तेवढा ठेवा."

"ठेवू की," साहेब म्हणाले. कशाला, ते मात्र त्यांनी विचारलं नाही.

शब्दाला जागले हो! मला उपटलं, आडवं पाडलं, घासलं, रंगवलं. बायकांच्या मागणीवरून बसायची सोय झाली, म्हणून कौतुकही झालं. मला त्या कौतुकाची चीड आहे.

पहिल्याच दिवशी जमनाने सवयीने पाटी माझ्यावर ठेवली, पण मी आता पार तिच्या गुडघ्याशी. गाडी आली. बाकीच्या एकमेकींना हात देऊन पुढे पळाल्या. माझ्यावर वीजकेंद्रावरचा कामगार बन्सी बसला होता. जमना म्हणाली, "भाऊ, जरा हात दे."

त्याने पाटीकडे पाहिलं, आपल्या नव्या सदऱ्याकडे पाहिलं आणि सरकून घेतलं. "बसा की मावशी, जागा आहे."

"बसायला नाय रे. उचलायला पायजे."

गाडी गेली. पाटी तिने तिथेच एका मोटारवाल्या व्यापाऱ्याला दिली, तो म्हणेल त्या भावाने. पुढे काही दिवस अर्धीच पाटी आणायची. मग यायचीच थांबली.

मित्रांनो, आम्ही वस्तूंनी शेवटी 'आमची काळजी घ्या' म्हणायचं असतं. माझी काळजी फार झाली. दरवर्षी रंग मिळतो, तो नको. तुमच्यापैकी कुणी साहेब झालं, तर मत विचारून झाल्यावर 'कशाला' तेवढं विचारा. आणि जमलं तर मला उभा करा. जमना गेली, पण गाडी येते तेव्हा कुणीतरी शेवटची राहतेच.