शेवटच्या चाळीस ओळी

पहिलं पत्र एका निवृत्त शिक्षकांचं. 'मासिकाच्या कथास्पर्धेत पहिली आलेली कथा वाचली. मोठी बहीण आईचं श्वासाचं यंत्र काढायच्या कागदावर सही करते, दुकानात येते आणि गिऱ्हाइकाची पँट आखूड करत बसते. संपली कथा! परीक्षकांनी डोळे मिटून वाचली काय?'

संपली नाही, गुरुजी. कापली.

दुसरं एका बाईंचं. 'शेवट वाचून अंगावर काटा आला. बहिणीच्या डोळ्यातून एक टिपूस नाही! असं लिहायला छाती लागते.'

छाती नाही हो बाई. कात्री.

तिसऱ्या पत्रात एकच ओळ. 'अशी लेक वैऱ्यालाही नको.' खाली सही आणि पूर्ण पत्ता. लिहिणाऱ्याला लाजही वाटली नाही.

हे तिसरं पत्र ताईने मासिकाच्या पत्रांच्या सदरात वाचलं. कथेतली बहीण ती आहे हे तिच्या सगळ्या गिऱ्हाइकांना कळलं होतं, कारण मी दुकानाचा हिरवा पडदासुद्धा बदलला नव्हता. ताईने माझा फोन घेणं बंद केलं. सोळा दिवस झाले.

सतराव्या दिवशी मी मासिकाच्या कचेरीत जाऊन उभी राहिले. हातात मूळ कथा होती, शेवटच्या चाळीस ओळींसकट. पानं लावणारा माणूस आधी दैनिकात होता. तो चहा पीत शांतपणे म्हणाला, "बक्षिसाच्या कथेला सहा पानं ठरलेली. तुमची चाळीस ओळी जास्त भरली. मग खालून कापली."

"खालून?"

"बातमी खालूनच कापतात, मॅडम. महत्त्वाचं सगळं वर असतं."

"ती बातमी होती का?"

"नाही, पण खाली तशी रडारडच होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्याचा कप उचलून खिडकीत ठेवला. फेकणार होते, पण फेकला नाही, याचा मला अजून राग येतो.

संपादक धावत आले. "बसा ना, बसा. अहो, अकरा वर्षांत इतकी पत्रं आली नाहीत! निम्मे तुमच्यावर तुटून पडलेत, निम्मे तुम्हाला डोक्यावर घेऊन नाचताहेत."

"सगळे एका कापाकापीवर भांडताहेत. उरलेला शेवट छापा."

"आता? मग दोन्ही बाजू आमच्यावर उलटतील."

"आणि माझी बहीण?"

"त्या आमच्या वाचक आहेत का?"

"वर्गणीदार आहे!"

(याच वेळी टपाल आलं. संपादकांनी तिथल्या तिथे फोडून मला वाचून दाखवलं, जणू मला बरं वाटेल: 'शेवट अपुरा ठेवून लेखिकेने वाचकाला विचार करायला लावलं.' मी म्हटलं, लेखिकेला विचारा, तिला काय करावंसं वाटतंय.)

शेवटी त्यांनी पत्रांच्या सदरात जागा देऊ केली. शंभर शब्द. उपकार केल्यासारखे हात जोडले. मी निघाले ती थेट ताईच्या दुकानात. सदरात काय यायचं ते येऊ दे, आधी तिला पूर्ण शेवट ऐकवायचा होता. तो ऐकला की ती निवळेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

ताई मशीनवर होती. गळ्यात टेप. मापं द्यायला आलेल्या एक काकू बाकावर बसल्या होत्या. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हीच का गं ती तुझी लेखिका?"

"हीच," ताई मान वर न करता म्हणाली.

मी उभ्यानेच वाचायला लागले. मशीनचा आवाज चालूच. पँट आखूड करून झाल्यावर थोरली मशीनवर डोकं टेकते, हमसून हमसून रडते. मग धाकटी येते. तिच्या पाठीवर हात ठेवते. म्हणते, ताई, मी तुला माफ केलं.

मशीन थांबलं.

"काय केलंस?"

"माफ..."

"कोणी? कोणाला?"

"ताई, कथा आहे ती."

"कथेत फोन का नाही? मी दवाखान्यातून तुला फोन केला होता. काय म्हणालीस?"

मी काकूंकडे बघितलं.

"त्यांच्याकडे काय बघतेस? इतक्या लोकांना सांगितलंस, त्यांनाही ऐकू दे. बोल!"

"म्हटलं, सही कर. मला सुट्टी मिळत नाही."

"किती वेळा म्हणालीस?"

"तीनदा."

"तीनदा. आणि कागद माझ्यापुढे होता म्हणून खुनी मी, आणि माफ करणारी तू! तुझ्यापेक्षा तो पानं लावणारा बरा गं. त्याने निदान ही माफी तरी कापली."

मला तिचा राग आला. खरंच आला. सोळा दिवस मी हिच्यासाठी जिवाचं रान करत होते, कचेरीत जाऊन तमाशा करून आले होते. पण ती एक शब्दही खोटा बोलली नव्हती.

मी बाकावर काकूंच्या शेजारी बसले. चाळीस ओळींचा कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहिलं:

'संपादकांस. माझ्या कथेत एक फोन नाही. तो झाला होता. सही कर असं मी तीनदा सांगितलं, आणि मी आले नाही. थोरलीने एकटीने सही केली. धाकटीला माफ करायचा काही हक्क नव्हता. हे मी कथेत लपवलं. मूळ शेवटही खोटाच होता, तो छापू नये.'

ताईने कागद घेतला. दोनदा वाचला. "रडले नाही मी त्या दिवशी. ती पँट संध्याकाळी द्यायची होती. तेही लिही."

लिहिलं.

"आता फोन घेशील?"

"आधी छापून येऊ दे. मग बघू." तिने गळ्यातली टेप काढली. "उठा काकू, हात वर करा."