तीनवरचा अर्धा गुण

लाइल हॅगर्टीनं चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि भिंतीवरचा फलक पुन्हा वरपासून वाचायला घेतला. रीनोतल्या त्या जुन्या कॅसिनोत पैजांच्या खिडकीमागं त्याची मुलगी नोरीन बसली होती. या मोसमापासून फलकावरचे आकडे तीच ठरवत होती. बापलेकींनी एकमेकांकडे बघून मान हलवली, बँकेत हलवतात तशी. धंद्याच्या वेळी नातं नको, हा लाइलचाच नियम.

लाइल आयुष्यभर पैजांवर जगला होता, आणि तेही एका साध्या गोष्टीच्या जोरावर. अमेरिकन फुटबॉलमध्ये गुण बहुधा तीन किंवा सातच्या हप्त्यानं पडतात, त्यामुळे पुष्कळ सामने नेमके तीन गुणांच्या फरकानं संपतात. बलवान संघापुढे फलकावर तीनचा आकडा असेल, तर त्याच्यावरची पैज जिंकायला त्यानं तीनपेक्षा जास्त गुणांनी जिंकावं लागतं; तो तीननंच जिंकला, तर लावलेले पैसे नुसते परत मिळतात. थोडे जादा मोजून आकडा अडीचवर आणून घेतला असेल, तर तीच पैज जिंकलेली असते. हा अर्धा गुण सोन्याचा. पाचाच्या फरकानं मात्र सामना क्वचितच संपतो, म्हणून पाचाचे साडेचार करून घेणं म्हणजे टकल्यानं कंगवा विकत घेणं. पण गावातल्या सगळ्या खिडक्या वर्षानुवर्षं दोन्ही अर्धे एकाच भावानं विकत आल्या होत्या. लाइलचं घर आणि नोरीनचं कॉलेज या भाबडेपणावर उभं राहिलं होतं.

नोरीननं मात्र पाचावरचा अर्धा स्वस्त केला होता आणि तीनवरचा चांगलाच महाग.

"तुझी पोरगी लुटायला बसलीय," शेजारच्या स्टुलावरून बर्ट म्हणाला. लाइलबरोबर पैजा लावण्यातच त्याचे केस पिकले होते. "बापाला सवलत नाही, तिथं आमची काय कथा?"

बर्टनं आणि त्याच्या टोळीनं आठवडाभर मालकाचं, गस पापसचं डोकं खाल्लं होतं. गसनं नोरीनला बजावलं होतं की जुना भाव आण, नाहीतर खिडकीवर जुना माणूस आणतो. तिनं भाव बदलला नव्हता. आता गस कॉफीचं भांडं घेऊन थेट लाइलपाशी आला.

"बाप म्हणून नको, गिऱ्हाईक म्हणून सांग. भाव चुकलाय का?"

बर्टनं टेबलाखालून लाइलच्या गुडघ्याला ढोसलं. लाइलनं नुसतं हो म्हटलं असतं, तरी तो सोन्याचा अर्धा गुण त्याच्या कॉफीच्या कपाशेजारी पुन्हा स्वस्तात मिळाला असता. खिडकीत नोटा मोजणारे नोरीनचे हात थांबले. तिनं मान वर केली नाही. लहानपणी गणित तपासायला दिलं की ती अशीच बसायची.

"फलक मी पुन्हा पुन्हा वाचलाय, गस," लाइल म्हणाला. "मोसम सुरू झाल्यापासून घेण्यासारखं काही सापडलं नाही."

त्यानं टोपी डोक्यावर चढवली.

"म्हणजे तू चाललास?"

"चाललो."

भावावर रुसून खुद्द बापच निघाला असं वाटून बर्टला केवढा आनंद झाला. दाराशी कोट चढवताना लाइलनं जरा जास्तच वेळ घेतला. काचेत त्याला गस दिसत होता, भांडं हातात धरून उभा. दर हिवाळ्यात याच खिडकीतून जाडजूड पाकीट नेणारा माणूस रिकाम्या हातानं बाहेर पडतोय, हे त्याच्या डोक्यात हळूहळू उतरत होतं. मग गस स्वतःशीच हसला, खिडकीपाशी गेला आणि नोरीनचा कप काठोकाठ भरला. नोटा पुन्हा सरकू लागल्या.

रस्त्यापलीकडच्या मोठ्या हॉटेलात अजून सगळे अर्धे एकाच भावात होते. लाइलनं तीनवरचा अर्धा घेतला. खिडकीतली बाई त्याला ओळखत होती. जवळचं ठिकाण सोडून एवढ्या थंडीत इकडे कुठे, असं तिनं विचारलं.

लाइलनं पावती खिशात घातली आणि मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा बेतानं घसा साफ केला.

"तिथं आता माझी लेक बसते," तो म्हणाला. "आपल्याला नाही परवडत."