तक्त्यातली चौथी ओळ

बस आगारात चालक-वाहकांच्या ड्युट्या लावणाऱ्या या गृहस्थांना सगळे 'घड्याळराव' म्हणत. साठ गाड्या आणि दीडशे माणसं त्यांच्या तक्त्यावर चालत, आणि एकही गाडी खोळंबत नसे. मग घरची चार दिवसांची थायलंडच्या बेटावरची सहल आखणं म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ!

रविवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला. आडव्या ओळींत घरातली चार माणसं, उभ्या रकान्यांत तास. पांढऱ्या वाळूचा किनारा, टेकडीवरचं बुद्धमंदिर, होडीतली फेरी, संध्याकाळचा खाऊबाजार, सगळं मिनिटामिनिटाला बसवलेलं. लेक तर मोबाइलवर नारळाच्या दुधातलं कालवण आणि भाजलेली कोळंबी बघून आत्ताच मिटक्या मारत होती.

"आणि खोली स्वयंपाकघरासकट बघितलीय!" घड्याळराव ऐटीत म्हणाले. "बाबांना बाहेरचं सोसत नाही. सकाळीही पोटात घरचं असलेलं बरं."

पत्नी हात पुसत आली आणि वाकून चौथी ओळ वाचू लागली. ती ओळ तिची होती. सहा वाजता चहा-नाश्ता. आठला डबे. तीनला कपडे. सातला बाबांचं जेवण. खाऊबाजाराच्या रकान्यात तिच्यापुढे नुसती रेघ होती.

"तुम्ही तिघं जाऊन या," ती शांतपणे म्हणाली. "मी घरी थांबते."

"अगं, आज तिकिटं काढायचीत! आता हे काय मधेच?"

"नुसता ओटा बदलायला समुद्र कशाला ओलांडायचा हो? इथला ओटा निदान ओळखीचा आहे."

घड्याळरावांचा चेहरा पडला, मग चढला. "कौतुकानं करायला जावं, तर हे असं!"

खिडकीशी बसलेले बाबा उठले. त्याच आगारात त्यांनी तीस वर्षं बस चालवली होती. चष्मा लावून, जुन्या सवयीनं ओळीवर बोट ठेवून ते तक्ता वाचू लागले.

"ही ड्युटी कोणाची रे?"

"तिची."

"हिची सुट्टी कुठे लावलीस?"

"बाबा, अहो अख्खी सहलच सुट्टी आहे!"

"तुझी. ही सकाळी सहाला गाडी काढते ती थेट रात्री उभी करते, चारही दिवस. बदली माणूस नाही, विश्रांती नाही. आगारात असा तक्ता लावशील?"

"छे! नियमात बसत नाही. मी सहीच करणार नाही."

"मग ही कोणाची?"

तक्त्याच्या खाली कोपऱ्यात घड्याळरावांची झोकदार सही होती. हाताला वळणच पडलेलं!

"आणि माझ्या पोटाच्या नावावर खपवू नकोस," बाबा पुढे म्हणाले. "मला सगळं पचतं. तुझ्या आईला हौस होती हिंडायची. कुठेही गेलो तरी ती रांधायची आणि मी गपचूप जेवायचो. 'तुला काय हवंय गं?' हे मी कधी विचारलंच नाही. आता विचारू कोणाला?"

घड्याळराव ओशाळले. दीडशे माणसांच्या विश्रांतीची काळजी वाहणाऱ्या या गृहस्थाला समोरचं एक माणूस दिसलं नव्हतं! त्यांनी खोडरबर घेतलं आणि चौथी ओळ पार पुसली. स्वयंपाकघराची खोली सोडून साध्या दोन खोल्या नक्की केल्या. सकाळचा चहा स्वतःच्या ओळीत लिहिला, कपडे लेकीच्या. ती "आँ?" म्हणाली, पण आजोबांनी बघितल्यावर गप्प बसली.

मग त्यांनी पेन्सिल पत्नीपुढे धरली. "तू लिही. तुला काय बघायचंय? काय खायचंय?"

ती खुर्ची ओढून बसली. बाबांना तिखट किती चालतं, लेकीला आंब्याबरोबरचा गोड भात कसा आवडेल, यांच्या चहात साखर किती, तिला सगळं पाठ. पेन्सिल मात्र हलेना. पाच मिनिटं गेली.

"काही सुचतच नाहीये हो," ती म्हणाली, हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

वीस वर्षांतल्या कुठल्याच तक्रारीनं घड्याळरावांना एवढं लागलं नव्हतं. पण एरवी सगळ्यांना घाई करणारे ते, आज घड्याळाकडे न बघता थांबले.

बऱ्याच वेळानं तिनं लिहिलं, 'होडीत पुढच्या टोकाला बसणार.' थोडं थांबून, 'खाऊबाजारात तव्यावरून उतरलेला पहिला गरम घास माझा.' आणि मग तिची पेन्सिल जी सुटली, ती कागदाची मागची बाजू भरूनच थांबली. संध्याकाळी चार तिकिटं निघाली!

मंडळी, जिथे घरातलं एक माणूस कामावर असतं, ती घराची सुट्टी नव्हे. आपल्या सगळ्यांच्या आवडीनिवडी जिला पाठ आहेत, तिला तिची आवड आजच विचारा. उत्तर यायला वेळ लागेल. तेव्हा कपाळाला आठ्या घालू नका, थांबा. तो उशीर तिचा नाही, इतकी वर्षं न विचारणाऱ्या आपला आहे.