हरकतीचा मुद्दा

"एका वेळी एक! एका वेळी एकानं बोला!"

नरहरी राऊतनं डस्टर टेबलावर आपटला. समोर शाळेच्या बाकांवर गुडघे कोंबून पंधरा माणसं बसली होती आणि पंधराही जण बोलत होते. विषय होता बावखलाचा गाळ काढण्याचा. बोलणं चाललं होतं कोणाची बकरी कोणाच्या पानवेलीत शिरली त्याचं.

नरहरीनं डोळे मिटून घेतले. गुरांना सभा नसते, हे गुरांचं नशीब, असं त्याच्या मनात आलं. गुरं निदान पाण्यावर गेली की पाणी पितात.

बावखल म्हणजे वसईजवळच्या उमेळ्याच्या बागांमध्ये पूर्वजांनी खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. सोळा घरांचं सामाईक. त्याच्याच पाण्यावर सोळा घरांच्या केळी, पानवेली आणि मोगरा जगत होता. पाण्याच्या पाळीवरून दर उन्हाळ्यात डोकी फुटत, म्हणून नरहरीनं पुढाकार घेऊन मंडळ काढलं आणि अकरा कलमांची नियमावली स्वतः लिहिली. गावानं त्याला अध्यक्ष केलं ते काही आदरापोटी नव्हे. कागद लिहायचा सगळ्यांनाच कंटाळा होता.

तो वसईत एका सहकारी संस्थेत कारकून होता. मंडळ काढण्याआधी संस्थेनं त्याला सात दिवस ठाण्याला सभाशास्त्राच्या वर्गाला पाठवलं होतं. सूचक, अनुमोदक, उपसूचना, तहकुबी, निर्णायक मत. प्रत्येक गोष्टीला नाव होतं, जागा होती, वेळ होती. माणसं हात वर करत, अध्यक्षांकडे बघून बोलत आणि दोन मिनिटं झाली की खाली बसत. नरहरीला ते सात दिवस स्वर्गातले वाटले. परत आला तो प्रमाणपत्र घेऊन, आणि तेव्हापासून गावाकडे तो तपासलेल्या पेपरांच्या गठ्ठ्याकडे बघावं तसा बघू लागला. सगळे नापास.

गावालाही तो फारसा आवडत नव्हता. "अध्यक्ष महाराज, लघवीला जाऊ काय? सूचक मी, अनुमोदक माझा भाव," असं कोणी म्हणालं की वर्ग हसून लोटपोट व्हायचा. नरहरी तेवढा वेळ घड्याळ बघायचा.

त्यानं एकदा गावासाठी सभाशास्त्राचे चार वर्ग जाहीर केले. पहिल्याला नऊ जण आले, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला एकटी क्लारा डाबरे.

क्लारा विधवा होती, चौथी शिकलेली, केळीची बाग एकटीनं बघणारी. चौथा वर्ग नरहरीनं घेतलाच नाही, तर ती त्याच्या ओट्यावर येऊन बसली. त्यानं वाटलेली चोपडी तिच्या हातात होती. ओळीखाली बोट धरून ती वाचत होती.

"राऊतभाव, उपसूचना म्हंजे काय?"

नरहरीनं पेपरातून डोकं वर काढलं. "तुम्हाला काय करायचंय, क्लाराबाय?"

"गेल्या साली मी अर्धा तास बोलले सभेत. तुमी वहीत एक अक्षर नाय लिहिलं."

"लिहिणार काय? ठराव मांडलात का? नुसतं बोललात. बोलण्याची नोंद होत नाही, ठरावाची होते."

"म्हणूनच इचारते."

त्यानं सुस्कारा टाकला. लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं, "समजा, ठराव आहे भाजीत मीठ घालावं. कोणी म्हणालं थोडं कमी घालावं, ती उपसूचना. कोणी म्हणालं भाजी नको, मासळी करा, ती उपसूचना नाही. तो वेगळा ठराव. कळलं?"

क्लारानं थोडा विचार केला. "आणि मीठ घाला म्हणणाराच मीठ विकणारा आसला तर?"

"तो हरकतीचा मुद्दा. कलम नऊ. ज्याचा विषयात स्वतःचा फायदा आहे, त्यानं तो आधी सांगायचा आणि मत द्यायचं नाही."

"हे तुमी लिहिलं?"

"मी लिहिलं," नरहरी म्हणाला. खरं तर ठाण्याच्या वहीतून जसंच्या तसं उतरवलं होतं. नियमावली भरीव दिसावी म्हणून.

ती आठवड्यातून दोनदा येऊ लागली. नरहरी प्रत्येक वेळी कपाळाला आठ्या घालून शिकवायचा आणि ती गेल्यावर बायकोला सांगायचा, "पालथा घडा आहे. पण हटत नाही." त्याची बायको चंद्रकांता ऐकून घ्यायची. तिचे गुडघे दुखत. विहिरीवरून पाणी ओढून आणण्यापुढे तिला सभाशास्त्राचं काही वाटत नसे.

त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर दिवाकर चौधरी नरहरीच्या घरी आला. गावातलाच पोरगा, सोळा घरांपैकी एकाचा कर्ता. पण आता नायगावपासून वसईपर्यंत बिल्डरांना जागा दाखवत हिंडायचा, आणि गावात सफारी घालून फिरायचा.

"भाऊ, बावखल मातीनं भरून टाकायचं, जागा बिल्डरला द्यायची. सोळा घरांना वाटा मिळेल. तुमची बाग त्याला लागून आहे. तिथून रस्ता निघाला की तुमच्या बागेलाच पहिला भाव. आणि स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर ब्लॉक, तुमच्या नावावर. आपल्यातच ठेवा."

नरहरी ब्लॉक बघायला गेला. नळाला पाणी होतं, मोरीला फरशी होती. पण तो थबकला जिन्याखालच्या फळ्यापाशी. फळ्यावर टाइप केलेला कागद होता: सोसायटीची मासिक सभा, रविवार, सकाळी दहा, विषय पुढीलप्रमाणे. खाली पाच विषय, क्रमांकासहित. नरहरीनं तो कागद दोनदा वाचला. इथं माणसं राहत होती. हात वर करून बोलणारी, वेळेवर येणारी, बकऱ्या नसलेली माणसं.

घरी येऊन त्यानं सोळा घरांची मोजणी केली. बाजूनं स्वतःला धरून आठ, विरुद्ध आठ. समसमान झाली तर निर्णायक मत अध्यक्षाचं. अध्यक्ष तोच होता.

चंद्रकांताला सांगितल्यावर तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "नळ घरातच?"

"घरातच."

ती आत जाऊन देवापुढे दिवा लावून आली.

फेब्रुवारीतल्या रविवारी दुपारी चारला सभा भरली. सोळाही घरं हजर होती. दिवाकरनं ठराव मांडला, त्याच्या चुलत्यानं अनुमोदन दिलं. विरोधकांनी नेहमीप्रमाणे आरडाओरडा सुरू केला. नरहरीला बरं वाटलं. ओरडणाऱ्यांना हरवणं सोपं असतं. दहा मिनिटं ओरडून ते दमणार आणि मग मतदान होणार.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक हात वर झाला. क्लारा उभी राहिली आणि हात वर धरून उभीच राहिली. बोलली नाही. हळूहळू आवाज कमी झाला, कारण ही बाई हात वर करून गप्प का उभी आहे ते कोणाला कळेना.

"बोला," नरहरी म्हणाला.

"अध्यक्ष महाराज, हरकतीचा मुद्दा. कलम नऊ." तिनं हात खाली घेतला. "मतदानाच्या आधी ज्याचा या विषयात वेगळा फायदा आसंल त्यानं सांगावं. आनि मत देऊ नये."

कोणीतरी खीः करून हसलं. दिवाकर उठला. "अहो, हे काय? सोळा घरांना सारखा वाटा आहे. कसला वेगळा फायदा? माझा काही नाही. घ्या मतदान."

सगळे नरहरीकडे बघू लागले. क्लारा त्याच्याकडे बघत नव्हती, दिवाकरकडे बघत होती. तिला दिवाकरलाच पकडायचं होतं. ब्लॉकचं तिला माहीत नव्हतं. खोलीत ते फक्त दोघांना माहीत होतं.

मुद्दा फेटाळायला एक वाक्य पुरेसं होतं. पुरावा नाही, मुद्दा गैरलागू, मतदान सुरू. कोणाला काही कळलं नसतं. नियमावली वाचलेली माणसं या खोलीत दोनच होती.

पण तीच अडचण होती. तीन वर्षांत या वर्गात पहिल्यांदा कोणीतरी योग्य वेळी, योग्य शब्दांत, योग्य कलमाखाली बरोबर हरकत घेतली होती. चौथी शिकलेल्या बाईनं. आणि बरोबर आलेल्या उत्तरावर चुकीची फुली मारणं नरहरीला जमेना. गावाचं प्रेम त्याला आलं नव्हतं. बावखल राहिलं काय, बुजलं काय, त्याला त्या क्षणीही सारखंच होतं.

"हरकत मान्य," तो म्हणाला. मग खुर्चीवरून उठला. "अध्यक्षांचा हितसंबंध आहे. ठराव मंजूर झाला तर मला ब्लॉक मिळणार आहे. मी मत देत नाही. फर्डिनंड मास्तर, तुम्ही खुर्चीवर बसा."

मग असा गलका उठला की खिडकीवरचे कावळे उडाले. फर्डिनंड मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, कसेबसे खुर्चीत बसले आणि त्यांनी हात मोजले. बाजूनं सात, विरुद्ध आठ.

"अक्कल विकून खाल्लीत का?" दरवाज्यात दिवाकर त्याच्या कानाशी येऊन म्हणाला. "मरा आता डासांत."

नरहरी आवारात रेंगाळला. क्लारा बाहेर येईल, दोन शब्द बोलेल, असं त्याला वाटत होतं. ती आली.

"तुमी ब्लॉक घेत होते?"

"हो. पण मी सांगितलं ना—"

"आज सांगितलं. मी हात वर केला म्हणून. नायतर?"

नरहरीनं घड्याळाकडे बघितलं.

"उपकार नाय केले, राऊतभाव. नियमच होता तसा." आणि ती केळीच्या बागेकडे चालू लागली.

घरी चंद्रकांता ओट्यावर उभी होती. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती.

"एक मत कमी पडलं म्हणे. कोणाचं?"

"माझं," नरहरी म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात शाळेच्या दरवाज्यावर सूचना लागली. क्लाराच्या हातची. विषय एकच: अद्यक्ष बदलणे. 'ध्य' चुकला होता. नरहरीनं कामावर जाता जाता ती वाचली, तारखा मोजल्या. पूर्ण पंधरा दिवस. विषय स्पष्ट. सह्या चार, नियमाप्रमाणे. खोट काढायला काही नव्हतं.

त्या सभेला तो भाषण लिहून घेऊन गेला. चार पानं. मंडळ कोणी काढलं, पाळ्या कोणी लावल्या, डोकी फुटायची कोणी थांबवली. फर्डिनंड मास्तर खुर्चीत होते. क्लारानं ठराव मांडला, अनुमोदन आलं. मग एकेक जण उठला, नरहरी कसा शिष्ट आहे आणि गावाला कसा कमी लेखतो ते बोलला, आणि बसला. कोणी कोणाच्या मध्ये बोललं नाही. बकरीचं नाव निघालं नाही.

"ज्यांच्यावर ठराव हाय त्यांना बोलायचा हक्क हाय," क्लारा म्हणाली.

नरहरी उभा राहिला. पंधरा माणसं गप्प होती. त्याचं ऐकायला गप्प होती. असं याआधी कधी घडलं नव्हतं. त्यानं पानांकडे बघितलं, पुन्हा माणसांकडे बघितलं.

"सूचना नियमाप्रमाणे आहे," तो म्हणाला. "माझी काही हरकत नाही." आणि खाली बसला.

पंधरा हात वर झाले. त्यानं मत दिलं नाही. विषयात त्याचा हितसंबंध होता.

तो घरी पोचला तेव्हा चंद्रकांता पदर खोचून निघाली होती. ब्लॉकमध्ये ठेवायला जागा नाही म्हणून तिनं महिन्यापूर्वी पाटा-वरवंटा शेजारच्या मटिल्डाला देऊन टाकला होता. महिनाभर ती तिच्याकडे जाऊन वाटण वाटत होती. आज परत मागायचं तिनं ठरवलं होतं, आणि पाऊल उचलत नव्हतं.

"तू थांब," नरहरी म्हणाला.

मटिल्डानं पाटा धुऊन दिला आणि वरवंटा वर ठेवला. तो घेऊन नरहरी रस्त्यावर आला तेव्हा सभेतली माणसं घोळक्यानं घराकडे परतत होती. बोलणी थांबली. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस दोन्ही हातांनी दगड पोटाशी धरून, पाठ मागे झुकवून, पाण्याचे ओघळ विजारीवर घेत चालला होता. फर्डिनंड मास्तर हात पुढे करून म्हणाले, "राऊत, एक बाजू धरू?"

"नको, मास्तर. जवळच आहे."

त्यांनी वाट दिली. मागच्या दारी चंद्रकांतानं जागा झाडून ठेवली होती. त्यानं पाटा खाली ठेवला, डगमगत होता म्हणून एका कोपऱ्याखाली खापराचा तुकडा सरकवला, हातानं दाबून बघितला. ती समोर बसली, ओलं खोबरं आणि मिरच्या पाट्यावर घेतल्या.

"काय झालं तिथं?" तिनं विचारलं.

नरहरी अजून धापा टाकत होता.

"सभा चांगली झाली," तो म्हणाला.

चंद्रकांतानं पाण्याचा हात मारला आणि वाटायला सुरुवात केली.