बाटली हलवून घ्या

भाईंदर पूर्वेच्या त्या हॉलबाहेर रविवारी सकाळी चपला काढायला जागा उरायची नाही. आत सफारी सूट घालून प्रोफेसर आत्माराम बसलेला असायचा. गंध नाही, माळ नाही, उदबत्तीसुद्धा नाही. टेबलावर फक्त एक होकायंत्र.

"भगवान को साइड में रखो, माताजी. ये सायन्स है," तो म्हणायचा. "डोक्यात लहरी असतात. अल्फा, बीटा, डेल्टा. तुमच्या सुनेच्या तिन्ही उलट्या फिरतायत." मग तो होकायंत्रावरून अंगठीचा हात फिरवायचा, काटा गरगरायचा आणि अख्ख्या हॉलच्या माना त्याच्याबरोबर फिरायच्या.

खारीगावच्या प्रभावतीबाई नेमक्या इथेच भुलल्या. त्यांच्या घरात धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञा चौकटीत लावलेल्या होत्या. यजमान कोंडिराम विहारात छाती काढून सांगायचे की आमच्या दाराला कधी लिंबू लागलं नाही. कुणी अंगारा दिला असता तर बाईंनी तो गटारात फेकला असता. पण हा माणूस देवालाच बाजूला ठेवत होता. लिंबू सफारी सूट घालून आल्यावर ओळखायचं कसं?

शिवाय त्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेलं माणूस दार कुणाचं ते बघत नाही, उघडं आहे एवढंच बघतं. सून पंचशीला बाळंत होऊन महिना झाला होता. मुलगा उदय नोकरीसाठी मस्कतला. दहाव्या दिवसापासून सुनेची झोपच उडाली. भिंतीकडे बघत बसायची, मध्येच रडायची. एका दुपारी अगदी शांतपणे म्हणाली, "आई, दीपूला माझ्याजवळ ठेवू नका. माझ्या हातून काहीतरी होईल."

त्या दिवशी प्रभावतीबाईंनी विळी माळ्यावर टाकली आणि रॉकेलचा डबा शेजारणीकडे ठेवला. न्हाणीत गेल्या तरी कडी लावेनात. बोलणार तरी कुणाशी? लहानपणी जालन्याकडच्या गावात त्यांच्या थोरल्या बहिणीला बाळंतपणानंतर असंच झालं होतं. लोकांनी तिला कोंडून मिरच्यांची धुरी दिली. ती बाहेर आली ती चार जणांच्या खांद्यावरून.

प्रोफेसरने सुनेसाठी लहरजलाची बाटली दिली. दिवसातून तीनदा दोन चमचे. अट एकच, घेण्याआधी बाटली तीनदा हलवायची. "हलवल्याशिवाय लहरी जाग्या होत नाहीत."

चमत्कार झाला. पंचशीला त्याच संध्याकाळी झोपली. चारेक दिवसांत दीपूही निवांत झाला. आधी बिल्डिंग डोक्यावर घेणारं पोर आता हूं की चूं करेना. शेजारणी बघायला आल्या. प्रोफेसर म्हणाला, दुधातून लहरी बाळापर्यंत पोचल्या. सबंध धंद्यात तेवढं एक वाक्य तो खरं बोलला असेल.

पण दीपू दूध पिता पिता सोडून द्यायचा. त्याला उठवावं लागायचं. प्रभावतीबाई तासातासाला त्याच्या नाकापुढे बोट धरायच्या, ऊन श्वास बोटाला लागला की तेवढ्यापुरत्या सुटायच्या.

सहाव्या आठवड्यात ट्रिपलचं इंजेक्शन होतं. डॉक्टर वासंतींच्या दवाखान्यात ही गर्दी. सुई टोचली. नातवाला गप्प करायला प्रभावतीबाईंनी तोंडाचा चंबू केला होता, तो तसाच राहिला.

दीपू रडला नाही.

डॉक्टरांनी त्याच्या तळव्यावर टिचकी मारली. त्याने डोळे अर्धे उघडले आणि मिटले. डॉक्टरांचा चेहरा बदलला. "आई काय औषध घेते?"

"काही नाही. आमच्यात तसलं काही चालत नाही," प्रभावतीबाई म्हणाल्या. न विचारलेल्याचंच उत्तर आपण देतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

"आजी, घराची अब्रू तुमच्याजवळच राहू दे. ह्याच्या पोटात काय जातंय तेवढं सांगा. लवकर."

विहारातल्या बायका, कोंडिरामांची भाषणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मग त्यांनी पिशवीतून बाटली काढली. डॉक्टरांनी झाकण उघडलं तशा सवयीने म्हणाल्या, "आधी हलवा. तीनदा."

डॉक्टर थबकल्या. त्यांनी कपाटातलं लहान मुलांचं एक औषध पुढे धरलं. त्यावर लिहिलं होतं, हलवून घ्या. "का लिहितात? पाण्यात न विरघळणारी पावडर तळाला बसते म्हणून." त्यांनी बाटलीतलं वरचं पाणी हलकेच ओतून दिलं. खाली तांदळाच्या पिठासारखा थर होता. त्यात एक कपचा, अर्ध्या गोळीचा, मधल्या रेघेसकट.

"झोपेच्या गोळ्या वाटतायत. आईच्या पोटात, तिथून दुधात, तिथून ह्याच्यात."

दीपूला तीन दिवस दाखल केलं. प्रभावतीबाई त्याच्या छातीचं वरखाली होणं बघत बसल्या. तिसऱ्या सकाळी तो असा कर्कश रडला की नर्स धावत आली, आणि आजी हसतेय की रडतेय ते तिला कळेना.

पंचशीला उशाशी बसली होती. तिने विचारलं, "डॉक्टर, मग मी वेडी झालेय का?"

"मिठागरं बघितलीस ना? खाडीचं पाणी आत घ्यायला बांधात दार असतं. मेंदूच्या पेशीलाही अशी बारीक दारं असतात. मेंदूतलंच एक रसायन ती उघडतं. खारट कण आत शिरतात आणि पेशी शांत होते. पोटुशी असताना शरीर काही हार्मोन भरभरून बनवतं. त्यांच्यातून तयार होणारी द्रव्यं त्याच दारांना टेकून ती जास्त वेळ उघडी ठेवतात. बाळामागून वार पडली की तो पुरवठा एकाएकी आटतो. बहुतेकींचा मेंदू सावरून घेतो, काहींचा नाही सावरत. ह्यातलं बरंच अजून शोधतायत, सगळं मलाही माहीत नाही."

"मग त्याच्या पाण्याने झोप कशी आली?"

"गोळीसुद्धा तेच दार ढकलते. पण किती ढकलायचं आणि कुणाचं, हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. तुझ्या दुखण्याला नाव आहे, उपचार आहे. मनाच्या डॉक्टरांना चिठ्ठी देते."

प्रभावतीबाईंना बहीण आठवली. तिचीही दारंच मिटली होती, आणि लोक धुरी देत होते.

रविवारी त्या हॉलमध्ये गेल्या. सगळं ऐकून कोंडिराम चप्पल घालून बरोबर निघाले होते. घरात उरलेली दुसरी बाटली बाईंनी न हलवता टेबलावर ठेवली. तळाचा पांढरा थर पहिल्या रांगेला दिसत होता.

"प्रोफेसर, तळाचं तेवढं तुम्ही प्या."

"मेरी लहरें ठीक हैं, माताजी."

मागून कुणीतरी खुसकन हसलं. बाईंनी पदराची पिन काढून त्याच्या अंगठीजवळ नेली. पिन टक्कन चिकटली. होकायंत्राचा काटा का गरगरतो, ते लहान पोरांनाही कळलं. पुढचं पोलिसांनी बघितलं.

उपचार तीन महिन्यांवर गेले तेव्हा एक दिवस पंचशीला म्हणाली, "आई, विळी कुठाय? भाजी चिरते." प्रभावतीबाई स्टुलावर चढल्या. विळीवरची धूळ त्यांनी पदराने पुसली आणि ती खाली सुनेच्या हातात दिली.

आता खारीगावात कुणाकडे चमत्काराचं पाणी आलं की बायका प्रभावतीबाईंना विचारायला येतात. त्या सांगतात, देणारा देवाचं नाव घेतो की सायन्सचं, ते बघू नका. आत काय आहे ते विचारा. सांगत नसेल तर घेऊ नका. आणि बाळंतीण रडत असेल तर डॉक्टरकडे न्या, लाजू नका, मी लाजले होते. बाटली तेवढी टेबलावर ठेवा, कुणाला हलवू देऊ नका, आणि तळाला काय बसतं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.