विमलाबाईंचा शेवटचा थेंब

मित्रांनो, मी एक जुनी कुपी आहे. करंगळीच्या पेराएवढी, प्लास्टिकची. कारखान्यातून निघाले तेव्हा मोठ्या बाटल्यांनी मला खिजगणतीत धरलं नव्हतं. पण नाशिकच्या या प्रयोगशाळेत माझ्या पोटात विमलाबाईंच्या रक्तातलं पिवळसर पाणी भरलं आणि माझं भाग्यच उजळलं.

विमलाबाई विंचूरच्या, कांदा निवडायला जायच्या. पोटात बाळ असताना त्यांची एचआयव्हीची झटपट चाचणी झाली. लागण नुकतीच झालेली, रक्तातल्या खुणा अगदी पुसट. चाचणीची पट्टी म्हणाली, काही नाही. नवऱ्याला लागण होती म्हणून त्यांना पुन्हा बोलावलं, तेव्हा खरं कळलं. औषधं सुरू झाली आणि त्यांची लेक तेजस्विनी सुखरूप जन्मली. पहिल्या वेळचं उरलेलं रक्त चाचण्या पारखायला ठेवू का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "माझी पोर वाचली. दुसऱ्या बाईला 'काही नाय' म्हणून घरी धाडू नका."

तेव्हापासून मी आणि त्याच रक्ताच्या कुप्या, माझ्या बहिणी, बर्फात. वारंवार वितळलं की सत्त्व जातं, म्हणून प्रत्येकीनं एकदाच बाहेर यायचं. नवी चाचणी आली की एक बहीण जाई. सोबत लागण नसलेल्यांच्याही कुप्या जात, कारण निरोग्याला आजारी ठरवणारी पट्टीही घातकच. बऱ्याच पट्ट्यांना माझ्या बहिणींमधलं काही दिसलंच नाही. मागे मी एकटी उरले. कुणी विचारेना, तेव्हा फार वाईट वाटायचं.

आज माझी पाळी आली. गावोगावच्या दवाखान्यांत जाणाऱ्या नव्या पट्टीची परीक्षा होती. माझ्या अंगावर नाव नाही, नुसता आकडा. मी कोण, हे तपासणाऱ्या मीनाताईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी माझा थेंब पट्टीवर सोडला आणि घड्याळ लावलं. वेळ भरल्यावर पट्टी निरखून उत्तर लिहिलं. मग हर्षालीताईंनी त्यांचं न बघता आपलं लिहिलं. आकड्यांची यादी ज्यांच्याकडे होती, त्या किशोर सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले.

"दोघींनाही रेघ दिसली," ते हळूच म्हणाले.

पाटी पुसल्यावर राहते, तेवढीच पुसट होती लागण सांगणारी ती रेघ. कितीतरी कुप्यांची तपासणी अजून बाकी होती. पण मी थक्क झाले. एवढ्याशा थेंबानं इतकी वर्षं गारठ्यात काढली आणि खरं तेच सांगितलं!

तेवढ्यात बाहेर, औषधांच्या रांगेतून ओळखीचा आवाज आला. विमलाबाईच त्या. एका रडवेल्या बाईला सांगत होत्या, "कळलं ना वेळेवर? मग गोळ्या घे. मी बी घेते." आत काय घडलं, याचा त्यांना पत्ताही नव्हता.

मित्रांनो, मी आता रिकामी झाले. माझ्यासाठी काही करू नका. चाचणीला घाबरू नका, एवढंच. आणि कधी या रांगेपाशी आलात, तर बाकावर विमलाबाईंच्या शेजारची जागा लोकांच्या भीतीनं बहुतेक मोकळीच असते. तिथे बसा.