मापाबाहेरचे काम

मी एक जुनी लाकडी पट्टी आहे, मित्रांनो, अर्ध्या मीटरची. माझ्या अंगावरचे सुरुवातीचे आकडे बोटांनी घासून पुसट झाले आहेत, त्यामुळे नवख्या माणसाला माझ्यावर विश्वास ठेवायला थोडा वेळ लागतो. माझ्या दोन्ही टोकांना पितळी टोपणे आहेत आणि त्यांतले एक किंचित उचललेले आहे. कपाटासाठी चिरलेल्या फळीचा एक तुकडा उरला होता, त्यातून एका सुताराने मला घडवले. रंधा मारताना तो शीळ घालायचा, पण माझ्या अंगावर रेघा ओढताना श्वाससुद्धा रोखून धरायचा. "एक रेघ चुकली तर जन्मभर खोटं बोलशील बरं का," असे तो मला म्हणाला होता. मी जन्मभर खरेच बोलले. एवढाच काय तो माझा अभिमान.

माझे सारे आयुष्य दोन जावांच्या शिवणघरात गेले. रस्त्याकडेच्या एका घरातली ती तळमजल्यावरची खोली. खिडकीशी लांब टेबल, भिंतीला लागून दोन मशीन, कोपऱ्यात इस्त्री, आणि गिऱ्हाइकांना कपडे घालून पाहण्यासाठी पडदा लावलेली एक अरुंद जागा. थोरली जाऊ कापड बेतायची, धाकटी शिवायची. थोरली कमी बोलायची आणि धाकटी तिच्या वाटणीचेही बोलायची, त्यामुळे खोलीत कधी शांतता नसे आणि भांडणही नसे.

थोरली मला कापडावर ठेवी, डाव्या हाताने हलकेच दाबून धरी आणि उजव्या हाताने खडूची रेघ ओढी. तो डावा तळवा मला पाठ होता. कात्री हातात घेण्याआधी ती प्रत्येक माप दुसऱ्यांदा तपासायची. "कापड एकदा कापलं की मग हळहळून काय उपयोग?" असे तिचे म्हणणे. आमच्याकडून कितीतरी माणसे पहिल्या नोकरीचा सदरा घेऊन गेली. त्यांच्या खांद्याची रुंदी मी मोजली होती, पण जाताना कुणी माझ्याकडे वळून पाहिले नाही. पट्टीकडे कोण पाहतो? मला त्याचे दुःख नव्हते. मोजणाऱ्याने मोजत राहावे.

मग एका वर्षी थोरलीला मधूनच घाम फुटू लागला. सगळे स्वेटर घालून बसलेले असत आणि ही मात्र खिडकी उघडून बसे. धाकटी म्हणायची, "जाऊबाई, गरम इस्त्री गिळलीत की काय?" थोरली हसायची. मित्रांनो, मुलीला वयात येताना पाळी सुरू होते, तशीच पन्नाशीच्या आसपास ती बंद होते. त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. तो आजार नव्हे, पण शरीराची जुनी घडी त्या काळात मोडते आणि नवी बसायला वेळ लागतो. हे मला पुढे कळले. तेव्हा ना मला ठाऊक होते, ना थोरलीला.

घामाच्या पाठोपाठ खाज आली. आधी हातांना, मग पोटऱ्यांना. अंगावरून मुंग्यांची रांग चालली आहे असे वाटून ती दचकून बाही वर करी, तर तिथे काहीच नसे. पुरळ नाही, गांधी नाही, नुसती खाज. शेवटी ती पाठीच्या मधोमध जाऊन बसली, जिथे ना वरून हात पोचतो ना खालून. एका दुपारी धाकटी दूध आणायला गेली होती. थोरली टेबलाशी उभी होती, कासावीस. तिची नजर माझ्यावर पडली. तिने मला उचलले आणि गळ्यामागून आत सरकवले.

"हाश्श! तूच गं माझी बाई, तूच."

इतकी वर्षे मी अचूक मापे दिली, तेव्हा मला असे कुणी म्हटले नव्हते. मी मोहरून गेले. पण दुसऱ्याच क्षणी माझ्या कडेखालची ती त्वचा मला जाणवली. पानगळीत रस्त्यावर पडलेले पान जसे लागते, तशी ती लागत होती. आणि त्या उचललेल्या पितळी कोपऱ्याने तिच्यावर एक बारीक लाल रेघ उमटली. माझ्या आयुष्यातली ती पहिली रेघ, जी खडूची नव्हती.

पुढे तेच माझे मुख्य काम होऊन बसले. बेतता बेतता ती मला घेऊन पडद्याआड जायची. धाकटी ओरडायची, "अहो, पट्टी कुठं पळाली? तिला काय पाय फुटले?" आतून उत्तर यायचे, "आले, आले, आरशाची उंची मोजतेय." त्या आरशाची उंची तिने इतक्या वेळा मोजली की आरशालाही संशय आला असावा.

थोरलीने आपल्या परीने कारण शोधले, आणि ते तिला तिच्या धंद्यातच सापडले. कोऱ्या कापडाला खळ असते. ती अंगाला टोचते, म्हणून शिवणारी माणसे नवे कापड गरम पाण्यात भिजवतात, साबणाने खळखळून काढतात आणि मगच कापतात. दिवसभर कोरी कापडे हाताळून तीच खळ आपल्या कातडीत मुरली, असे तिने ठरवून टाकले. मग काय, कापडाला जो न्याय तोच अंगाला! सोसवेल तितके गरम पाणी, कपडे धुण्याचा साबण, वर खरखरीत टॉवेल. न्हाऊन आली की घटकाभर तिला बरे वाटे. दुपारपर्यंत आग दुप्पट झालेली असे. मग ती म्हणे, "अजून निघाली नाही वाटतं," आणि दुसऱ्या दिवशी पाणी आणखी गरम करी. हे सगळे ती मला पुटपुटून सांगे. माझ्याजवळ मापे होती, मित्रांनो, शब्द नव्हते.

अशातच तिची लेक तान्ह्या मुलीला घेऊन राहायला आली. तिची रजा संपत आली होती. ती कामावर रुजू झाली की दिवसा बाळाला आजीने सांभाळायचे, हे केव्हाच ठरलेले होते. लेकीने पायरी चढताचढताच बाळ पुढे केले.

"घे गं आई. वाट बघून थकलीस ना?"

थोरली टेबलामागे सरकली. "असू दे तुझ्याकडेच. हाताला खडू लागलाय."

दुसऱ्या दिवशी खडू नव्हता, तर सर्दी होती. तिसऱ्या दिवशी सर्दी नव्हती, तर काम होते. लेक पाहत होती. एकदा थोरली भाजी आणायला बाहेर गेली असताना ती धाकटीला म्हणाली, "काकू, आईला माझं बाळ नको आहे का?"

"भलतंच काय बोलतेस!"

"मग एकदाही उचललं का नाही तिनं? मी मूर्ख नाही गं. पुढच्या आठवड्यात पाळणाघर बघते आणि माझ्या घरी जाते. परत काही मागायला यायची नाही मी."

टेबलावर पडून मी हे ऐकत होते. खरे कारण मला ठाऊक होते. आदल्याच दुपारी पडद्याआड थोरली मला म्हणाली होती, "ही खरूज असली तर? त्या एवढ्याशा जिवाला लागली तर?" नातीला छातीशी धरावे म्हणून तिचे हात शिवशिवत होते आणि तेच हात ती पाठीमागे लपवत होती. इकडे लेकीचे मन उसवत चालले होते. दोघींमधले अंतर खोलीच्या रुंदीइतकेच होते, पण ते काही माझ्याने मोजवत नव्हते.

एका सकाळी लेक काहीतरी शोधत खाली आली आणि तिने पडदा सारला. आत तिची आई भिंतीला टेकून उभी होती, डोळे मिटलेले, आणि मी तिच्या पाठीत. ब्लाउजवर रक्ताचे बारीक ठिपके उमटले होते.

"आई! हे काय?"

"लांब राहा! बाळाला घेऊन पुढे येऊ नकोस."

"बाळ वर झोपलंय. आई, मागे वळ. वळ म्हणते ना!"

लेकीने पाठ पाहिली. मग म्हणाली, "कधीपासून?"

"झाले काही महिने."

"आणि सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? या वयात अंग खाजवत फिरते म्हणून? चार गिऱ्हाइकांच्या कानावर गेलं तर आपल्याकडं कोण कपडे टाकणार? आणि बाळाला..."

धाकटीचे मशीन केव्हाच थांबले होते. तिने उठून बाहेरच्या दारावर ‘बंद’ची पाटी लावली. "चला, डॉक्टरकडं. दुखणं अंगावर वागवायला ते काय जाकीट आहे? आणि ती पट्टी खाली ठेवा."

पण थोरलीने मला खाली ठेवले नाही. वाटेत खाज सुटली तर? मी पिशवीत बसून, डोके बाहेर काढून दवाखान्यात गेले. त्वचेच्या डॉक्टरीणबाई वयाने थोरलीच्याच आसपासच्या होत्या. त्यांनी आधी पाठ पाहिली, मग पिशवी पाहिली.

"या रेघा कुणाच्या, ते कळलं मला," त्या हसून म्हणाल्या. "पाळी बंद होऊन किती झालं?"

"वर्ष होत आलं." थोरलीने मान खाली घातली. "पण बाई, ही खळ आहे ना? कापडाची? मी रोज कढत पाण्यानं धुतेय."

डॉक्टरीणबाईंनी आंघोळीची सगळी हकीकत ऐकून घेतली. मग विचारले, "कोऱ्या कापडाचं ठीक आहे. पण वापरून वापरून मऊ, पातळ झालेलं कापड असलं, तर त्याला कढत पाण्यात घालून चोळता का तुम्ही?"

"छे! विरून जाईल की."

"मग?"

थोरली स्वतःच्या हाताकडे पाहत राहिली.

डॉक्टरीणबाईंनी सावकाश समजावले. पाळी थांबते तेव्हा शरीरातले एक संप्रेरक कमी होते. त्यामुळे त्वचा पातळ होते, तिच्यातला ओलावा आणि तेल कमी होते, आणि कोरड्या त्वचेला खाज सुटते. गरम पाणी आणि कडक साबण उरलेसुरले तेलही ओढून नेतात. आंघोळ कोमट पाण्याने आणि थोडक्यात करायची. सौम्य, बिनवासाचा साबण वापरायचा. अंग चोळायचे नाही, नुसते टिपायचे, आणि ते किंचित ओलसर असतानाच मलम लावायचे. कपडे सुती आणि सैल घालायचे, नखे कापलेली ठेवायची. खाज सुटलीच तर खाजवायचे नाही, गार पाण्याचा ओला कपडा त्या जागी धरायचा. "रक्तही तपासू," त्या म्हणाल्या. "खाज इतकी टिकली की थायरॉईड, साखर, यकृत, लोह हे बघून घ्यावंच लागतं. प्रत्येक गोष्ट वयावर ढकलायची नाही. आणि एवढ्यानं कमी झालं नाही तर परत या, दुसरी औषधं आहेत."

थोरलीला एकच विचारायचे होते. "हे दुसऱ्याला लागतं का?"

"अजिबात नाही."

"तान्ह्या बाळाला?"

"नाही हो, कुणालाच नाही."

लेकीने आईचा हात घट्ट धरला. परतीच्या वाटेवर धाकटी त्या दोघींच्या वाटणीचेही बोलत होती.

मित्रांनो, गोष्टींत असते तसे एका रात्रीत काही बरे झाले नाही. रक्ताचा अहवाल चांगला आला, मलमाची डबी मशीनच्या खणात आली, ओला कपडा खिडकीच्या दांडीवर टांगला गेला. आठवडे गेले तशी थोरलीच्या कातडीवरची खरखर उतरली. मधूनच एखादा दिवस वाईट जाई. तेव्हा तिचा हात माझ्याकडे वळे आणि धाकटी नुसती खाकरे, की हात ओल्या कपड्याकडे जाई. लेकीने आपली रजा थोडी वाढवून घेतली होती, पण बाळ अजून तिच्याच कडेवर होते. डॉक्टरांनी सांगूनही थोरलीचे हात पुढे होत नव्हते. "खरखरीत आहेत गं. ओरखडा उठेल तिला." मनातली भीती कातडीपेक्षा हळू भरून येते.

शेवटी धाकटीने एक मऊ, फिकट पिवळे कापड टेबलावर पसरले. "बाळाला जाकीट शिवायचंय. घ्या माप."

"तूच घे की."

"वा! मी कधी माप घेतलंय या घरात? बेतणी तुमची, शिवण माझी. आता म्हातारपणी नियम बदलू नका."

लेकीने बाळाला अलगद कापडावर निजवले आणि ती मुद्दाम दोन पावले मागे सरली. बाळ पाय झाडू लागले. थोरलीने मला उचलून त्याच्या कडेला ठेवले, टाचेशी टोक जुळवले आणि सवयीने डावा हात पुढे केला. पण या वेळी त्या हाताखाली नुसते कापड नव्हते, एक हलते, उबदार अंग होते. मी टाचेपासून वर वर गेले आणि कानाशीच संपले. इतक्या वर्षांत प्रथमच मी पुरले नाही.

थोरली घुटमळली. मग जिथे मी संपले तिथे, बाळाच्या कानशिलाला लावून, तिने आपली चार बोटे ठेवली. बाळाने मान वळवली आणि गाल त्या बोटांवर टेकवला. ओरखडा उठला नाही.

"काय आलं माप?" धाकटीने विचारले.

"पट्टी आणि वर चार बोटं," थोरली म्हणाली, आणि मला तिथेच टेबलावर टाकून तिने बाळाला उचलून घेतले. लेक खुर्चीत बसून रडू लागली. "अगं, रडतेस काय? दूध गरम कर तिचं," असे तिला दटावतानाही थोरलीने बाळ खाली ठेवले नाही.

आता मी पुन्हा फक्त कापड मोजते. तुमच्याही घरी कुणी वारंवार दाराआड जात असेल, बाही सारखी खाली ओढत असेल, तुम्हाला जवळ घ्यायचे टाळत असेल, तर रुसून बसू नका. जवळ जाऊन विचारा, "काय होतंय?" पहिल्यांदा उत्तर मिळणार नाही. दुसऱ्यांदा विचारा. आम्हा शिवणघरातल्या मंडळींची तीच रीत आहे: काहीही तोडण्याआधी माप दोनदा घ्यावे.